१,८८६ कोटी दिरहम आणि करामातली दोन माणसांची कंपनी

२०२४ मध्ये दुबईच्या सांस्कृतिक आणि सर्जनशील उद्योगांत १,८८६ कोटी दिरहमची थेट परकीय गुंतवणूक आली. आदल्या वर्षी हा आकडा १,१८० कोटी होता. वाढ ६० टक्के. प्रकल्प ८९८ वरून ९७१ वर गेले. वाढ ८ टक्के. त्यातून अपेक्षित रोजगार २०,२०२ वरून २३,५१७ झाले; वाढ १६ टक्के. पैसा ६० टक्क्यांनी वाढला आणि प्रकल्प ८ टक्क्यांनी, यातच पुढची सगळी गोष्ट आहे.

भागाकार करून पाहू. २०२३ मध्ये एका प्रकल्पामागे सरासरी १.३१ कोटी दिरहम होते, २०२४ मध्ये १.९४ कोटी. एका रोजगारामागे ५.८४ लाख दिरहम लागत होते, ते ८.०२ लाख झाले. म्हणजे येणारा पैसा मोठ्या प्रकल्पांकडे चालला आहे आणि एक नोकरी उभी करायला आदल्या वर्षापेक्षा ३७ टक्के जास्त भांडवल लागते आहे.

दुबईने एप्रिल २०२१ मध्ये सर्जनशील अर्थव्यवस्थेचे धोरण जाहीर केले तेव्हाचे लक्ष्य माणसे आणि कंपन्या मोजणारे होते. २०२५ पर्यंत कंपन्या ८,३०० वरून १५,०००, सर्जनशील काम करणारे ७०,००० वरून १,४०,०००, आणि सकल उत्पन्नातला वाटा २.६ वरून ५ टक्के. १५,००० कंपन्यांमध्ये १,४०,००० माणसे म्हणजे कंपनीमागे सरासरी नऊ. दुबईच्या करामा वस्तीतल्या कंपनीत दोन असतात, पुष्कळदा नवरा-बायको.

करामा कसे आहे ते दुबईतल्या मराठी माणसाला सांगायला नको. बुटक्या इमारती, तळमजल्यावर शिंपी, छपाईवाले, खाणावळी. त्यांतच मराठी जेवणाचे ‘पेशवा’. काही वर्षांपूर्वी इथल्या इमारतींच्या भिंतींवर मोठाली भित्तिचित्रे काढली गेली. त्यांच्या खालून रोज जाणाऱ्या एखादीला स्वतःच्या कलेचा धंदा करायचा असेल, तर तिच्यासाठी यातला किती पैसा आहे?

अनुदानापासून सुरुवात करू. ‘दुबई कल्चर’ या सरकारी संस्थेचा सांस्कृतिक अनुदान कार्यक्रम १८ कोटी दिरहमचा आहे, दहा वर्षांसाठी. वर्षाला १.८ कोटी. वरचा आकडा आठवा: २०२४ मधल्या एका सरासरी परकीय प्रकल्पाची रक्कम १.९४ कोटी होती. सबंध शहराचे वर्षाचे अनुदान एका प्रकल्पापेक्षा कमी भरते. ७०,००० कलावंतांत ते सारखे वाटले तर प्रत्येकी २५७ दिरहम येतात. अर्थात अनुदान असे वाटले जात नाही, पण मागणीपुढे पुरवठा किती, हे त्यावरून कळते.

कर्जाच्या थैल्या याहून मोठ्या आहेत, पण त्यांच्या तोंडाशी अटी आहेत. अबू धाबीचा खलिफा फंड २००७ मध्ये २०० कोटी दिरहमच्या भांडवलावर उभा राहिला, अमिराती नागरिकांसाठी. लघुउद्योगांसाठी २००२ पासून असलेल्या ‘दुबई एसएमई’चा मुख्य आधारही नागरिकांनाच. संयुक्त अरब अमिरातीत भारतीय ३५ लाखांहून अधिक आहेत. या दोन दारांशी त्यांचा हिशेब पासपोर्टवरच संपतो. एमिरेट्स डेव्हलपमेंट बँकेने २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी ३,००० कोटी दिरहम आणि १३,५०० कंपन्या असे लक्ष्य ठेवले, म्हणजे कंपनीमागे सरासरी २२ लाख. तेव्हाची प्राधान्यक्षेत्रे पाच: उद्योग, आरोग्यसेवा, पायाभूत सुविधा, अन्नसुरक्षा, तंत्रज्ञान. कला त्यांत नाही. अर्थ मंत्रालयाचा मोहम्मद बिन राशिद इनोव्हेशन फंड २०० कोटींचा आहे आणि रहिवाशांनाही खुला आहे. तो कर्जाला हमी देतो, कंपनीत हिस्सा मागत नाही. अट आहे ती नावीन्याची. देवनागरी सुलेखनातून लग्नपत्रिका करणाऱ्या बाईंनी तिथे काय लिहायचे, हा प्रश्न मला खरोखर पडतो.

सामाजिक उद्योगांसाठी इथे झालेला एक मोठा प्रयोग ‘एक्स्पो लाइव्ह’चा. एक्स्पो २०२० च्या निमित्ताने १० कोटी डॉलरचा कार्यक्रम झाला. १८४ देशांतून ११,००० हून अधिक अर्ज आले आणि १४० च्या आसपास निवडले गेले, शंभरातले सव्वा. प्रत्येकाला जास्तीत जास्त १ लाख डॉलर, म्हणजे ३.६७ लाख दिरहम. सगळ्यांना पूर्ण रक्कम मिळाली असे धरले तरी बेरीज १.४ कोटी डॉलर होते, जाहीर निधीच्या १४ टक्के. हा हिशेब माझा आहे. सामाजिक उद्योगासाठीचा निधी वाचताना थेट हातात पडणारी रक्कम आणि कार्यक्रमाची रक्कम वेगळी काढावी, एवढे त्यातून नक्की शिकता येते.

प्रशिक्षणाची बाजू पैशापेक्षा बरी आहे, आणि तिथे पासपोर्ट आडवा येत नाही. २०१३ पासूनच्या ‘इन५’ या नवउद्योग केंद्रात माध्यमे आणि डिझाइन यांना स्वतंत्र केंद्रे आहेत. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘तश्कील’चा ‘तनवीन’ हा कार्यक्रम इथे राहणाऱ्या डिझायनरांना कल्पनेपासून विकाऊ वस्तूपर्यंत नेतो. सलामा बिंत हमदान फाउंडेशनची शिष्यवृत्ती ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनच्या सहकार्याने चालते, दहा महिन्यांची. शारजात २०१६ पासून नवउद्योजकांसाठी ‘शेरा’ आहे. शारजा आर्ट फाउंडेशनच्या निर्मिती कार्यक्रमाचे अनुदान एकूण २ लाख डॉलरचे. धंद्याच्या ओळखी, पहिली गिऱ्हाइके आणि मराठीतून सल्ला हवा असेल तर गल्फ महाराष्ट्र बिझनेस फोरम आहे. या जागा मोजक्या आहेत, पण अर्ज करता येतो.

आता लग्नपत्रिका करणाऱ्या त्या करामातल्या बाईंचा हिशेब मांडू. समजा, महिन्याला आठ कामे, प्रत्येकी १,२५० दिरहम. महिन्याचे १०,०००, वर्षाचे १.२ लाख. व्हॅटची नोंदणी ३.७५ लाखांच्या उलाढालीपासून सक्तीची. त्या एक तृतीयांशावरही नाहीत. गंमत अशी की ३.७५ लाख हाच आकडा कॉर्पोरेट करातही येतो, पण तिथे तो नफ्याचा आहे, त्याहून वरच्या नफ्यावर ९ टक्के. एकाच आकड्याचे दोन कायद्यांत दोन अर्थ असल्यामुळे अनेकांचा घोळ होतो. स्वतःच्या नावावर धंदा करणारी व्यक्ती १० लाख दिरहम उलाढालीपर्यंत कॉर्पोरेट कराच्या कक्षेतच येत नाही. तेव्हा कर ही अडचण नाही. अडचण दारावरची आहे. फ्रीलान्स परवान्याचे वर्षाला ७,५०० दिरहम, म्हणजे या बाईंच्या उत्पन्नाच्या सव्वासहा टक्के. पहिले काम मिळण्याआधीच ते भरायचे. व्हिसाचा खर्च वेगळा.

मग मराठी माणसाला जे पहिले सुचते ते इथेही सुचते: वर्गणी. गणपतीसाठी जमते, तर चार बायकांच्या शिवणकेंद्रासाठी का नाही? दुबईत २०१५ च्या ९ क्रमांकाच्या फर्मानानुसार परवानगीशिवाय देणगी गोळा करता येत नाही. इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेले आवाहनही त्यात येते. सामाजिक उद्योग सुरू करणाऱ्यांनी हे आधी वाचावे असे मी कळकळीने सांगतो, कारण हेतू चांगला असला तरी कायदा परवाना विचारतो.

हीच बाई कोल्हापुरात असती तर? पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा उद्योगाच्या प्रकल्पाची मर्यादा २० लाख रुपये. शहरातल्या महिलेला अनुदान २५ टक्के, म्हणजे ५ लाखांपर्यंत. दिरहमला २४ रुपये धरले तर ते साधारण २१,००० दिरहम होतात: करामातल्या परवान्याची पावणेतीन वर्षे. तिथे प्रशिक्षण कर्जाच्या साखळीतच बांधलेले आहे. इथे ते एका दारात मिळते आणि पैसा दुसऱ्या. सामाजिक संस्थांसाठी भारतात सोशल स्टॉक एक्स्चेंजही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथली पहिली नोंदणी १.८ कोटी रुपयांची झाली. त्याआधीच्या महिन्यात बाजार नियामक सेबीने किमान अर्जाची रक्कम २ लाखांवरून १०,००० रुपयांवर आणली होती. पायरी खाली आणली की छोटा माणूस चढतो.

पुन्हा अमिरातीकडे. इथल्या कंपन्यांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक लघु आणि मध्यम आहेत, खासगी क्षेत्रातल्या ८६ टक्के नोकऱ्या त्यांच्याकडे. २०२२ अखेर त्यांची संख्या ५.५७ लाख होती आणि २०३० चे लक्ष्य १० लाख. व्यापारात पाचपर्यंत माणसे किंवा ३० लाख दिरहमपर्यंत उलाढाल असेल तर ती ‘सूक्ष्म’ कंपनी. सेवेत पाच माणसे किंवा २० लाख. करामातली १.२ लाखांची बाई आणि १९ लाखांचा स्टुडिओ एकाच खान्यात बसतात. योजना आखणाऱ्याला समोरचा अर्ज कोणाचा हे या खान्यावरून कळत नाही.

शेवटचा भागाकार. १.८ कोटी दिरहमच्या वार्षिक अनुदानाला ७,५०० ने भागले तर २,४०० येतात. एका वर्षाच्या रकमेत २,४०० जणांचा पहिल्या वर्षाचा परवाना निघेल. धोरणाला ७०,००० नवे सर्जनशील हात हवे होते. हे त्यांच्या ३.४ टक्के भरतात, आणि त्या हातांपैकी कितीतरी आज करामातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, परवान्याची वाट पाहत, रात्री दहानंतर काम करत आहेत.