आडनाव एक म्हणजे कूळ एक? वंशावळ शोधताना फसवणाऱ्या समजुती

वंशावळ लिहायला बसलं की आजोबा, पणजोबांपर्यंतची नावं भराभर उतरतात. पणजोबांच्या वडिलांपाशी हात अडतो आणि तिथून अंदाज सुरू होतात. जुना कागद आपल्या सोयीसाठी लिहिलेला नसतो. कुणाला सारा वसूल करायचा होता, कुणाला दक्षिणेचा यजमान धरून ठेवायचा होता, तर कुणाला शाळेचा पट भरायचा होता. कागद कुणी आणि कशासाठी लिहिला हे आधी विचारलं, तर पुढच्या बऱ्याच समजुती गळून पडतात.

गैरसमज : आडनाव एक, म्हणजे कूळ एक.

वस्तुस्थिती : कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही वतनांची नावं. गाव आणि परगणा वेगळा, तसा वतनदारही वेगळा. ‘कर’ लागलेलं आडनाव तर फक्त गाव सांगतं. पेणकर हिंदूही असतात आणि बेने इस्रायली ज्यूही. उलट, एकाच घराण्याचं आडनाव हुद्द्यामुळे बदलतं. पेशव्यांचं मूळ आडनाव भट, नाना फडणवीसांचं भानू. गोव्यात धर्मांतरावेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव घेतलं जाई. त्यामुळे फर्नांडिस आडनावावरून पोर्तुगीज रक्त सिद्ध होत नाही. आडनावाला मूळ गाव आणि कुलदैवत यांची जोड मिळाली, तरच दुवा विचारात घ्यावा. नुसतं गोत्र जुळून भागत नाही. एका गोत्रात असंख्य कुळं असतात.

गैरसमज : शकात ७८ मिळवले की इसवी सन आला.

वस्तुस्थिती : वर्षाचे पहिले नऊएक महिनेच हे गणित चालतं. पानिपतची लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीला, शके १६८२ मध्ये. ७८ मिळवले तर १७६० येतं. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. त्यातून पेशवाईच्या कागदांवर सुहूर सनही असतो. तो मृगापासून सुरू होतो आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. फसली सनाचं गणित आणखी निराळं. म्हणून आकडा पाहण्याआधी सन कोणता ते पाहावं, आणि मूळ तिथी आहे तशी उतरवून ठेवावी.

गैरसमज : सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणजे तो भाऊ नव्हताच.

वस्तुस्थिती : जमीन एकत्र असेल तर पुष्कळदा थोरल्याचंच नाव लागे, पुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटे भाऊ त्या तीन अक्षरांमागे दडलेले असतात. १९४८च्या कूळकायद्यानंतर कित्येक जमिनी कसणाऱ्या कुळांच्या नावावर झाल्या. त्यामुळे सातबाऱ्यावरचा जुना मालक आणि नवा मालक नातेवाईक असतीलच असं नाही. सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. ते धरून मागे जावं. वारस नोंदीच्या फेरफारात मयताची बायको आणि मुली यांचीही नावं भेटू शकतात.

गैरसमज : शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख पक्की.

वस्तुस्थिती : आजोबांची तारीख १ जून असेल तर सावध व्हावं. मुलगा शाळेत आला, आईबापांना तारीख ठाऊक नाही, मग गुरुजींनी वयाच्या अंदाजाने १ जून लावून टाकली, असं गावोगाव झालं. पडताळणीसाठी कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ पाहावा. पण तिथे अनेकदा बाळाचं नावच नसतं. बारशाआधी नोंद झाली, तर ‘अमक्यास मुलगा’ एवढंच.

गैरसमज : तीर्थोपाध्यायांच्या वहीत सगळं घराणं सापडतं.

वस्तुस्थिती : नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या वह्या अनमोल आहेत. मात्र तिथे नोंद झाली ती यात्रेला गेलेल्याची, आणि त्याने तोंडी सांगितलेल्या नावांची. जी शाखा दोन पिढ्या घराबाहेर पडली नाही, ती वहीतही आली नाही. जाताना मूळ गावाचं नाव हाताशी हवं. उपाध्ये आधी तेच विचारतात.

गैरसमज : बापाचं नाव लिहिलंय, म्हणजे रक्ताचं नातं.

वस्तुस्थिती : दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मदाता बाप कागदावरून पुसला जातो. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक गेले आणि कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. राजघराण्यातली गोष्ट म्हणून ती सर्वांना ठाऊक. साध्या घरातला दत्तक असा कुणाच्या लक्षात राहत नाही. एखादं नाव एका शाखेतून एकाएकी नाहीसं होऊन दुसरीकडे उगवलं, तर दत्तकाची शंका घ्यावी.

गैरसमज : मोडी वाचून घेतली की काम झालं.

वस्तुस्थिती : मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. वाचणारा कितीही तरबेज असला, तरी नावं चुकू शकतात. लिप्यंतरासोबत मूळ कागदाचा फोटो ठेवावा आणि अडलेलं नाव दुसऱ्या जाणकाराला दाखवावं.

शेवटची समजूत सर्वांत महाग पडते : शोध दप्तरातून सुरू होतो. तो सुरू व्हावा घरातल्या सर्वांत वयस्कर आत्यापासून. कोण दत्तक गेलं, कोणत्या दुष्काळात गाव सुटलं, आडनाव कधी बदललं, हे तिला ठाऊक असतं. बहुतेक वंशावळींत ती लग्नाआधीही नसते आणि लग्नानंतरही नसते. ती सांगेल ते तारीख घालून लिहून घ्यावं, कागदाशी ताडून पाहावं, आणि त्या निमित्ताने तिचं नावही वंशावळीत लिहावं.