मूळ छायाचित्राला हात न लावता

आजोबांचा पिवळा पडलेला फोटो, घडी पडून मधोमध चिरलेलं लग्नातलं समूहचित्र, बुरशीचे ठिपके आलेलं एखादं पोर्ट्रेट. अशा जुन्या छायाचित्रांची संगणकावर दुरुस्ती करून देणारे स्टुडिओ आता लहान गावांतही आहेत. या कामात लेअर, म्हणजे चित्राचे एकमेकांवर ठेवलेले सुटे थर, सगळेच वापरतात, पण अनेकदा ते तात्पुरती सोय म्हणून. काम झालं की सगळे लेअर एकत्र करून फाइल बंद होते. शिकवणाऱ्या व्हिडिओंतही भर असतो तो शॉर्टकटवर : कंट्रोल-जे दाबून लेअरची नक्कल, कंट्रोल-जी दाबून ग्रुप. हे शॉर्टकट उपयोगी आहेतच. पण लेअरवरच्या कामाचा खरा वेग बोटांवर ठरत नाही, असं माझं मत आहे. मूळ प्रतिमा किती शाबूत राहिली आणि प्रत्येक बदल किती सुटा राहिला, यावर तो ठरतो. जुन्या छायाचित्राच्या बाबतीत तर यात खरेपणाचाही प्रश्न आहे.

चूक सुधारणं स्वस्त व्हावं, हा विचार लेअरच्या मुळाशीच आहे. लुकासफिल्ममध्ये काम करणाऱ्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. संगणकावरचं चित्र एकदम न बनवता त्याचे घटक वेगवेगळे बनवावेत आणि पारदर्शकतेच्या गणिताने एकमेकांवर बसवावेत, म्हणजे एका घटकातल्या चुकीपायी सगळं चित्र पुन्हा बनवावं लागणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं तेव्हा त्यात लेअर नव्हते. चिकटवलेला तुकडा एकदा सोडला की खालच्या चित्रात मिसळून जाई, आणि मागे यायला अनडूची एकच पायरी असे. लेअर आले १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत, ॲडजस्टमेंट लेअर १९९६ मध्ये. अनेक पायऱ्या मागे नेणारी हिस्टरी आली ती १९९८ साली, म्हणजे लेअरनंतर चार वर्षांनी. ती फाइल बंद करताच पुसली जाते. लेअर मात्र फाइलबरोबर जतन होतो आणि पाच वर्षांनीही उघडता येतो.

थेट मूळ चित्रावर बदल केले तर काय जातं, याचा हिशेब सोपा आहे. आठ बिटच्या करड्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा असतात. चित्र निम्म्याने गडद केलं की त्या १२८ छटांत कोंबल्या जातात. मग मत बदललं आणि उजेड दुप्पट केला, तर चित्र पहिल्यासारखं दिसतं खरं, पण छटा १२८ च उरतात. विटलेल्या फोटोत गडद साडी आणि तिच्यामागची भिंत यांच्यात मुळातच दोनचार छटांचं अंतर राहिलेलं असतं, ते अशा फेरफारात कायमचं जातं. ॲडजस्टमेंट लेअर पिक्सेलला हात लावत नाही. चित्र कसं दाखवायचं, एवढी सूचना तो साठवतो. अर्थात उलटसुलट सूचना एकीवर एक चढवल्या तर दिसणाऱ्या चित्रात हीच झीज होते. म्हणून नवा लेअर चढवण्याआधी जुन्याचाच आकडा बदलून पाहावा. खालचं स्कॅन तोवर जसंच्या तसं असतं. इरेझर आणि मास्क यांतला फरकही हाच. इरेझरने खोडलेला भाग गेला तो गेला. मास्कवर काळ्या ब्रशने झाकलेला भाग पांढऱ्या ब्रशने परत येतो.

आता प्रत्यक्ष रचना. सगळ्यांत खाली मूळ स्कॅन, कुलूप लावून. त्याच्यावर दुरुस्तीचे रिकामे लेअर : एक धूळ आणि ओरखड्यांसाठी, दुसरा फाटलेल्या भागासाठी. त्यांच्यावर उजेड-अंधाराचा कर्व्ह्ज लेअर, आणि गरज असेल तर अगदी वर चेहऱ्यावरच्या छायाप्रकाशाचा एखादा. हा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच चुकतो. दुरुस्ती कर्व्ह्जच्या वर केली, तर क्लोन स्टॅम्प खालची बदललेली छटा उचलून ठिगळ म्हणून लावतो. उद्या कर्व्ह्ज थोडा हलवला की सगळं चित्र बदलतं, ठिगळं तेवढी जुन्या छटेत उठून दिसतात आणि दुरुस्ती पहिल्यापासून करावी लागते. दुरुस्ती कर्व्ह्जच्या खाली ठेवूनही स्टॅम्पचं सॅम्पल ‘ऑल लेअर्स’वर राहिलं, तर वरच्या कर्व्ह्जचा परिणाम ठिगळात आधीच उतरतो आणि मग वरून पुन्हा लागतो. ते सॅम्पल ‘करंट अँड बिलो’वर असावं. वाया जाणारे तास बहुतेक इथेच जातात, आणि कोणताही शॉर्टकट ते भरून देत नाही.

लेअरला नावं देण्यात वेळ कुठे घालवायचा, गिऱ्हाईक समोर उभं असतं, असं कामाच्या रेट्यात असलेले लोक म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. पण तेच गिऱ्हाईक घरी दाखवून परत येतं, की आजीचा चेहरा जरा जास्तच गोरा झालाय. चेहरा उजळवणं स्वतंत्र लेअरवर असेल आणि त्यावर ‘चेहरा – उजेड’ एवढं लिहिलेलं असेल, तर त्याची ऑपॅसिटी शंभरावरून चाळीसवर आणणं हे काही सेकंदांचं काम आहे. सगळं एकत्र झालेलं असेल, तर पुन्हा स्कॅनपासून सुरुवात. सावळा रंग ही त्या माणसाची ओळख असते, तेव्हा मी तर म्हणेन की तो लेअर मुळात लागूच नये. पण लावलाच तर तो काढता यावा.

दुसरा आक्षेप फाइलच्या वजनाचा. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला तर २४०० गुणिले ३६०० म्हणजे ८६ लाख ४० हजार पिक्सेल होतात. सोळा बिटच्या रंगीत स्कॅनमध्ये ते सुमारे ५२ एमबी. प्रत्येक पायरीला पूर्ण चित्राची नक्कल करून तिच्यावर काम करण्याची सवय असेल, तर दहा नकलांत पाचशे एमबी ओलांडले जातात, आणि मग संगणक रखडतो ही तक्रार रास्तच आहे. पण दोष नकलांचा आहे. रिकाम्या लेअरवरच्या चार ठिगळांचं वजन चार ठिगळांइतकंच असतं आणि ॲडजस्टमेंट लेअरचं मास्कपुरतं. पाचसहा विचारपूर्वक केलेले लेअर बहुतेक फोटोंना पुरतात. महागडं सॉफ्टवेअर हवंच असंही नाही. १९९६ पासून फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्ये लेअर आणि मास्क आहेत, आणि २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून पुढेही बदलता येतील असे फिल्टरही आहेत.

तिसरा आक्षेप ताजा आणि सर्वांत वजनदार : कृत्रिम बुद्धिमत्ता एका क्लिकमध्ये फोटो नवा करते, मग हा खटाटोप कशाला? भिंतीचा फाटलेला कोपरा किंवा आकाशाचा तुकडा भरायला ही साधनं उत्तम आहेत. चेहऱ्याचं मात्र वेगळं. अस्पष्ट डोळा ती ‘स्पष्ट’ करतात तेव्हा फोटोत नसलेला डोळा अंदाजाने रचतात, आणि तो डोळा त्या माणसाचा असेलच असं नाही. फोटोशॉपमध्ये २०२३ साली आलेलं जनरेटिव्ह फिलसुद्धा आपला निकाल मास्कसह वेगळ्या लेअरवर देतं, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. त्यामुळे रचलेला भाग मास्कने कोपऱ्यापुरता ठेवता येतो आणि चेहरा मूळचा राखता येतो. यंत्र जितकं अधिक रचू लागेल, तितका मूळ आणि रचलेलं यांच्यातला हा पडदा अधिक गरजेचा होईल.

चित्रांच्या जतनात हा प्रश्न संगणकाच्या आधीच सोडवला गेला होता. रोममध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या जतन-संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी ‘त्रात्तेज्जो’ नावाची पद्धत रुजवली. जुन्या चित्रातला गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरायचा. लांबून चित्र अखंड दिसतं, जवळ गेल्यावर दुरुस्ती कुठे आहे ते कळतं. शिवाय केलेली दुरुस्ती पुढच्या माणसाला काढता आली पाहिजे, हा जतनशास्त्रातला आग्रह आहे. भिंतीवरच्या चित्रात हे साधायला वर्षानुवर्षांचं कौशल्य लागतं. आपल्याला लेअरच्या शेजारचा डोळ्याचा खूण-चौकोन बंद-चालू केला की मूळ काय आणि भर काय, हे तात्काळ दिसतं. एवढं सहज हाती असताना काम संपवण्याच्या घाईत सगळे लेअर एकत्र करून फक्त जेपीजी ठेवणं मला नुकसानीचं वाटतं, कारण जेपीजीत लेअर टिकत नाहीत. छपाईला एकसंध प्रत द्यावी, ती तशीच लागते. पण ती वेगळ्या नावाने केलेली नक्कल असावी.

तेव्हा या दिवाळीत घरातला जुना फोटो दुरुस्तीला देणार असाल, तर छापील प्रतीबरोबर दोन गोष्टी आवर्जून मागून घ्या : हात न लावलेलं मूळ स्कॅन आणि लेअर शाबूत असलेली फाइल. आणि मूळ कागदी फोटो, कितीही फाटका असला तरी, फेकू नका.