जुनी एक्सपल्स घेताना

कच्च्या रस्त्याने फिरती करणाऱ्या व्यापारी बंधूंना हीरो एक्सपल्स २०० सोयीची. २०१९ साली आलेली ही गाडी जमिनीपासून २२० मि.मी. उंच, म्हणूनच जुनी घेताना ती दगडधोंड्यांत किती आपटली, हे आधी पाहावे. इंजिनखालच्या पत्र्यावरचे पोचे सगळे सांगतात. टाकीची चकाकी पाहू नका, ती कुणीही आणतो.

इंजिनला हात लावा. गरम लागले तर चहा घ्या, ते थंड झाल्यावरच सुरू करायला सांगा. निळा धूर निघाला तर सौदा सोडा. फोर्कच्या नळ्यांवर तेल म्हणजे सील गेले. स्पोकवर पान्याने टिचकी मारा. बद्द आवाज आला तर तो ढिला.

आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर ना-हरकत पत्र व सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ मिळेपर्यंत बयाणाही देऊ नका. गाडी ताब्यात घेतानाच फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याची सही घ्या.