पेशीतला एक बिट आणि तो वाचणारी अँटिबॉडी

चारकोपच्या घरातूनच रेकॉर्ड करतोय, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

माझी मामेबहीण एका लॅबमध्ये पीएचडी करते. परवा फोनवर म्हणाली, "दादा, तीन आठवडे पाण्यात गेले रे. अँटिबॉडी भलत्याच प्रोटीनला चिकटत होती." म्हणजे टेस्टच चुकीची आणि ती बिचारी कोड तपासत बसलेली!

झालं काय ते सांगतो. पेशीत प्रोटीन बनवतो रायबोसोम. त्याच्याकडे पहिलं अमिनो आम्ल पोचवतं ईआयएफ-२ नावाचं प्रोटीन. पेशीची उपासमार झाली किंवा व्हायरस घुसला, की या ईआयएफ-२ च्या अल्फा भागावर, ५१व्या जागेवरच्या सेरीनला, एक फॉस्फेट चिकटवला जातो. बस्स, बहुतेक प्रोटीनचं उत्पादन मंदावतं. शून्याचा एक झाला.

पण हा बिट वाचायचा कसा? अल्फा भागाचं वजन सुमारे ३६,००० डाल्टन, फॉस्फेटनं वाढतात जेमतेम ८०. वजनावरून पत्ता लागत नाही. इथे अँटिबॉडी लागते. आपल्या मुंबईला ती काही नवी नाही. परळच्या हाफकिनमध्ये घोड्यांना सापाच्या विषाचे बारीक डोस देऊन सर्पदंशावरचं औषध बनायचं, त्यात काम करतात त्या अँटिबॉडीच. इथे विषाऐवजी सशाला ५१व्या जागेच्या आसपासचा छोटासा तुकडा टोचतात, फॉस्फेटसकट. मग सशाच्या रक्तातून ज्या अँटिबॉडी बिनफॉस्फेटच्या तुकड्यालाही चिकटतात, त्या गाळून टाकायच्या.

पेशींचा अर्क जेलमध्ये वजनानुसार पसरवायचा, कागदासारख्या पातळ मेम्ब्रेनवर उतरवायचा, वर ही अँटिबॉडी सोडायची. जिथे चिकटेल तिथे पट्टी उजळते.

आणि गोची इथेच आहे. पट्टी दिसली म्हणजे ती आपल्याच प्रोटीनची असं थोडंच आहे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ६५ प्रोटीनसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटिबॉडी पारखल्या. ज्या पेशीत ते प्रोटीनच नाही, तिथेही पट्टी येते का, हे बघितलं. नापास अँटिबॉडी वापरून छापलेले शोधनिबंध निघाले, प्रत्येक प्रोटीनमागे सरासरी १२ च्या आसपास! आपल्याकडे असा बग प्रॉडक्शनला गेला असता तर मॅनेजरनं रात्री दोनला उठवलं असतं.

ईआयएफ-२ अल्फा मात्र पेशीतून काढूनच टाकता येत नाही, पेशी मरते. म्हणून ५१व्या जागी सेरीनऐवजी ॲलनिन असलेल्या पेशी वापरतात, तिथे फॉस्फेट बसूच शकत नाही. किंवा सोपं, अर्कात फॉस्फेट काढणारं एन्झाइम घालायचं. पट्टी गेली पाहिजे. शिवाय फॉस्फेट असो-नसो, एकूण अल्फा मोजणारी दुसरी अँटिबॉडी हवीच, नाहीतर नमुना कमी भरला गेला तरी फॉस्फेट कमी झाला असं वाटतं.

बहिणीनं एन्झाइम घातलं ते तीन आठवड्यांनी. पट्टी जशीच्या तशी. आता नवी अँटिबॉडी मागवलीये, आणि ती आली की पहिल्याच दिवशी एन्झाइम.