पुतळ्याखालची मोजपट्टी

युद्धखेळातल्या छोट्या सैनिकांचं कौतुक होतं ते चेहऱ्याचं, चिलखताचं, रंगकामाचं. त्यांच्या पायाखालच्या चकतीला या छंदातली मंडळी ‘बेस’ म्हणतात. तिच्याकडे लक्ष जातं सगळ्यात शेवटी, आणि तेही वाळू आणि खोटं गवत चिकटवायची जागा म्हणून. वास्तविक टेबलावर लढतो तो बेस. कोण कुणाला भिडलं, एका वेळी कितीजण वार करू शकले, हरलेली तुकडी किती मागे सरली, हे सगळं बेसच्या कडांवरून ठरतं. वरचा पुतळा फक्त तिथे कोण उभं आहे एवढंच सांगतो. बेस घरी करावेत की विकत आणावेत, या नेहमीच्या वादाची चर्चा पैशांच्या आणि हौसेच्या अंगाने होते. माझ्या मते ती मापाच्या अंगाने व्हायला हवी.

इतिहास या म्हणण्याच्या बाजूने आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळाचे नियम छापले, तेव्हा त्यात पुतळा नव्हताच. १:८००० प्रमाणाच्या नकाशावर छोटे ठोकळे सरकवायचे, आणि ठोकळ्याची लांबी म्हणजे ती तुकडी प्रत्यक्ष मैदानात जेवढी आघाडी व्यापेल तेवढी. थोडक्यात, नुसता बेस; शिपाई नंतर आले. उलट उदाहरण लेखक एच. जी. वेल्सचं. १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्याने खेळण्यातल्या तोफेतून खरोखरच लाकडी गोळे उडवले आणि जो शिपाई आडवा पडला तो मेला, असा सरळ हिशेब ठेवला. तिथे शिपायाच्या पायाखालचा ओतीव तुकडा किती रुंद, याला नियमात काही स्थान नव्हतं. नेम डोळ्याने धरायचा, निकाल तोफ देणार. तोफ गेली आणि फासे व फूटपट्टी आली, तेव्हा शिपायाने व्यापलेली जागा नक्की किती, हे कुणीतरी ठरवून देणं भाग पडलं.

ही जागा म्हणजे हवेतली कल्पना नाही. नेपोलियनच्या काळातल्या कवायतीत खांद्याला खांदा लावून उभ्या पायदळाला माणशी साधारण २२ इंच रुंदी धरतात. सहाशे लोकांची पलटण इंग्रजांच्या रिवाजाप्रमाणे दोन रांगांत उभी केली, तर ती साडेपाचशे फूट पसरते. फ्रेंचांसारखी तीन रांगांत केली, तर जेमतेम पावणेचारशे. दोघांना सारख्याच रुंदीचे बेस दिले, की बंदुकांचा सारा फरक पुसला गेला. जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईचं, २३ सप्टेंबर १८०३ चं, टेबलावर काय होतं ते बघा. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातल्या चिंचोळ्या पट्टीत इंग्रजांचा सेनानी वेलस्ली शिरला. शिंद्यांच्या कंपूंचा सेनानी पोलमन याने तोंड फिरवून तिथेच नवी फळी उभी केली. मराठ्यांचं संख्याबळ मोठं, पण त्या पट्टीत एका वेळी किती पलटणी मावणार हा खरा प्रश्न होता. बेस निम्म्या रुंदीचे घेतले तर तिथे दुप्पट पलटणी मावतील आणि ती लढाई असईची राहणारच नाही.

‘डी बेलिस अँटिक्विटॅटिस’ या १९९० च्या नियमावलीने हे तत्त्व टोकाला नेलं. १५ मिलिमीटरच्या पुतळ्यांसाठी प्रत्येक बेसची रुंदी ४० मिलिमीटर, मग त्यावर चार भालाईत असोत की एक हत्ती. फरक पडतो खोलीत: भालाइतांना १५ मिलिमीटर, सरदार-घोडदळाला ३०, हत्तीला ४०. मागे रेटली गेलेली तुकडी आपल्याच बेसच्या खोलीएवढी मागे सरते. म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा कापताना कात्री तिरकी गेली, तर नियमच तिरका होतो.

बेसचा बाजार उभा राहिला तो मात्र काल्पनिक राक्षसांमुळे. इंग्लंडच्या सिटॅडेल कंपनीने १९८० च्या दशकात पुतळा आणि बेस वेगळे केले. पुतळ्याच्या पायाखाली धातूची पट्टी, प्लॅस्टिकच्या बेसला खाच, एकात दुसरं बसवायचं. बेस स्वतंत्र वस्तू झाला, त्याची मापं ठरली. तिच्या पुतळ्यांनी खेळल्या जाणाऱ्या ‘वॉरहॅमर’ या खेळात माणसाला २० मिलिमीटरचा चौकोन, धिप्पाड ऑर्कला २५ चा. वीस सेंटिमीटरच्या आघाडीवर दहा माणसांसमोर आठच ऑर्क उभे राहणार. ऑर्क एकेकटा भारी, पण गर्दीत अडचणीत, हे पानभर नियम न लिहिता पाच मिलिमीटरमध्ये सांगून झालं. खेळ रचणाऱ्याची याहून सुबक कामगिरी मला तरी माहीत नाही.

यावर आक्षेप असा, की माप पुतळ्यापासूनच घेतलं तर काय बिघडलं? प्रयोग करून झाला आहे. २०१५ मध्ये वॉरहॅमरचा नवा अवतार ‘एज ऑफ सिग्मार’ आला तेव्हा नियमांत अंतर पुतळ्यापासून मोजायचं होतं, बेस जमेस धरायचा नव्हता. मग पुढे रोखलेला भाला, पसरलेला पंख किंवा मागे उडणारी शेपटी, यातलं काय धरायचं यावर वाद आलेच, आणि दुसऱ्याच्या बेसवर आपला बेस चढवण्याचा विचित्र प्रकारही. २०१८ च्या आवृत्तीत माप पुन्हा बेसच्या कडेवर आलं.

आता घरी करणाऱ्यांचा युक्तिवाद. इंग्लंडमध्ये अनेकजण दोन पेन्सचं नाणंच बेस म्हणून वापरतात. १९९२ पासून ते तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचं असल्याने लोहचुंबकाला चिकटतं, वजनदार आहे आणि त्याहून स्वस्त चकती कुणी विकूच शकणार नाही. पण त्याचा व्यास २५ नव्हे, २५.९ मिलिमीटर. सुट्या चकमकीच्या खेळात हे खपून जातं. दहाजण कडेला कड लावून उभे केले, की फळी नऊ मिलिमीटरने लांबते आणि समोरच्याला ते लगेच दिसतं. हाताने कापलेल्या पुठ्ठ्यातही अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरची चूक अशीच साचत जाते. लेसरने कापलेल्या एमडीएफचं तसं होत नाही. कड जळून तपकिरी झालेली असते, बोटाला काजळी लागते, पण शंभर चौकोन एकसारखे निघतात. त्याचं दुखणं वेगळं. दोन मिलिमीटरच्या चकतीवर पाणी घातलेला पांढरा गोंद लावून वाळू टाकली, की वरची बाजू सुकताना आकसते आणि चकती उन्हातल्या पापडासारखी वळते. तीन मिलिमीटर जाडीचा एमडीएफ घ्यावा, किंवा खालच्या बाजूलाही रंगाचा हात द्यावा. साच्यातलं प्लॅस्टिक वळत नाही, आणि खालून पोकळ असल्याने छोटं चुंबक आत लपवता येतं. म्हणून माझा कौल असा: चकती विकत घ्यावी, जमीन घरी करावी. वाळू, बुचाचे तुकडे, काडीच्या फळ्या यांना मापाचं बंधन नाही. उलट विकतची तयार ओतीव जमीन चार पुतळ्यांनंतर तोच दगड पुन्हा दाखवू लागते.

कंपन्या मापं बदलतात ती नवे पुतळे खपवायला, हा आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या वॉरहॅमरच्या ‘द ओल्ड वर्ल्ड’मध्ये माणसाचा चौकोन २० वरून २५ झाला, ऑर्कचा २५ वरून ३०. कारण अगदीच खोटं नाही. पुतळे वर्षानुवर्षं फुगत गेले आहेत, आणि एकाची ढाल दुसऱ्याच्या कोपरात अडकून फळी नीट लागत नसे. पण गंमत बघा, नव्या मापांत माणसांचं आणि ऑर्कचं गुणोत्तर बदललं: पूर्वी दहाला आठ होतं, आता बाराला दहा. ऑर्क किंचित सैलावले. जुन्या फौजा बाळगणाऱ्यांनी पुतळे उखडले असते तर घोटेच मोडले असते, म्हणून लेसरवाल्यांनी खाचांचे ट्रे काढले. २० चा जुना बेस खाचेत बसतो, दोन खाचांमध्ये पाच मिलिमीटर जागा सुटते, आणि आघाडी नव्या नियमाला हवी तेवढी भरते. मूळ बेसला हातही लावावा लागत नाही.