वस्त्र व परिधान शिक्षणातील जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता

महाविद्यालयीन स्तरावर वस्त्रतंत्र, वस्त्ररचना, परिधान अभिकल्प आणि वस्त्रव्यापार हे विषय शिकवताना मजकूर, चित्र किंवा आराखडा स्वतः तयार करणाऱ्या संगणक प्रणालींचा जो वापर केला जातो, त्यास वस्त्र व परिधान शिक्षणातील जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता असे म्हणतात. चॅटजीपीटीसारखी भाषा-प्रारूपे, मिडजर्नी व स्टेबल डिफ्यूजनसारखी चित्रनिर्मितीची साधने आणि कपड्याचा बेत तयार करणारी संशोधनाच्या टप्प्यावरील प्रारूपे या सर्वांचा त्यात समावेश होतो. या विषयांचे शिक्षण पूर्वापार हाताने करून पाहण्यावर उभे आहे. त्यामुळे या साधनांनी येथे निर्माण केलेले प्रश्न निबंधलेखन शिकवणाऱ्या विभागांतील प्रश्नांपेक्षा बरेच वेगळे आहेत.

पार्श्वभूमी

विणकाम आणि संगणन यांचे नाते जुने आहे. फ्रान्समधील ल्यों या शहरात जोसेफ मारी जाकार याने 1804च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने नक्षी विणणारी यंत्रणा प्रत्यक्षात आणली. पुठ्ठ्यावरील छिद्र असणे वा नसणे यावरून ताण्याचा धागा उचलायचा की नाही हे ठरत असे. याच पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेज याने आपल्या विश्लेषक यंत्राच्या आराखड्यात घेतली. सुमारे 24,000 पुठ्ठे वापरून रेशमात विणलेले जाकारचे एक चित्र बॅबेजच्या संग्रही होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनातही कपड्यांची छायाचित्रे लवकर आली. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये डीपफॅशन हा आठ लाखांहून अधिक छायाचित्रांचा संच प्रसिद्ध केला. 2017 मध्ये झालांडो या युरोपीय कंपनीने फॅशन-एमनिस्ट हा 70,000 लहान चित्रांचा संच खुला केला. सदरा, पायघोळ, बूट अशा दहा वर्गांत विभागलेला हा संच आजही यंत्र-अध्ययनाच्या प्राथमिक पाठात वापरला जातो. सामान्य विद्यार्थ्याच्या हाती मात्र ही साधने 2022 मध्ये आली. त्या वर्षी जुलैमध्ये मिडजर्नी व ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन खुले झाले आणि 30 नोव्हेंबरला चॅटजीपीटी उपलब्ध झाले. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये युनेस्कोने शिक्षण व संशोधनातील वापराविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत वस्त्रशिक्षणाचा स्वतंत्र विचार नाही.

वर्गातील उपयोग

सर्वाधिक वापर अभिकल्पाच्या पहिल्या टप्प्यात होतो. एखाद्या संकल्पनेचे रंग, पोत व आकृती एकत्र मांडणारा फलक तयार करण्यासाठी पूर्वी मासिकांतील कात्रणे व कापडाचे तुकडे जमवावे लागत; आता लेखी सूचना देऊन काही मिनिटांत अनेक पर्याय समोर येतात. ज्या विद्यार्थ्याचा हात चित्रकलेत बसलेला नाही, त्याला आपली कल्पना वर्गासमोर मांडता येते, हा या साधनांचा मोठा लाभ आहे. व्यापारविषयक पाठ्यक्रमांत टेक पॅकचा कच्चा मसुदा, ग्राहकाचे काल्पनिक वर्णन किंवा पुरवठादाराला लिहायचे पत्र यांसाठी भाषा-प्रारूपे वापरली जातात. या उपयोगांत वस्त्रविषयाचे असे खास काही नाही.

चित्र आणि कपडा

चित्रनिर्मितीचे प्रारूप लाखो छायाचित्रांतील रंगबिंदूंची मांडणी शिकलेले असते. कपडा कसा बेतला व शिवला हे त्याला कोणी शिकवलेले नसते. म्हणून त्याने काढलेला कपडा पाहताक्षणी पटतो, पण शिवायला घेतल्यास अडतो. डाव्या बाजूला पाच गुंड्या आणि उजव्या बाजूला चारच काज, खांद्यापासून निघून मध्येच विरून जाणारी शिवण, मुंढ्याला जोडलेलीच नसलेली बाही असे दोष नेहमी आढळतात. काही दोष अधिक सूक्ष्म असतात. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला छातीखाली टक घातला की पट्टे तेथे तुटतात किंवा कोन करून मिळतात. चित्रातील पट्टे मात्र शरीराच्या वळणावरून अखंड वाहत जातात. घेरदार झगा तिरप्या धाग्यावर बेतला असेल तर तो एका प्रकारे पडतो, उभ्या धाग्यावर बेतला असेल तर दुसऱ्या. चित्रात हा भेद ठरलेलाच नसतो. कापडाची चमक रेशमाची की पॉलिएस्टरची, हेही चित्र सांगू शकत नाही. प्रयोगशाळेत धागा जाळून पाहिला तर रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

या उणिवेतूनच एक चांगला अभ्यास तयार झाला आहे. विद्यार्थ्यांना यंत्राने काढलेले एक चित्र देऊन त्यातील शिवता न येण्याजोग्या जागा शोधायला सांगतात, नंतर त्या कपड्याचा सपाट तांत्रिक आराखडा काढून, बेत तयार करून, मांजरपाटावर कच्चा नमुना शिवून घेतात. चित्रातील कोणती गोष्ट टिकली, कोणती सोडावी लागली आणि का, याची नोंद गुणांकनात धरली जाते. बेतण्याचे ज्ञान नसलेल्या विद्यार्थ्याला दोष दिसतच नाहीत. त्यामुळे हा अभ्यास पहिल्या सत्रात देण्यात फारसा अर्थ नसतो.

बेत थेट तयार करण्याचे संशोधनही चालू आहे. त्रिमितीय कपड्यावरून त्याचे तुकडे ओळखणारे न्यूरलटेलर हे प्रारूप 2022 मध्ये दक्षिण कोरियातील कैस्ट या संस्थेतून पुढे आले. 2023 मध्ये ईटीएच झुरिच येथील संशोधकांनी गारमेंटकोड ही पद्धत मांडली. तीत बेत एखाद्या संगणकीय आज्ञावलीप्रमाणे लिहिला जातो, त्यामुळे माप बदलले की तुकडे आपोआप बदलतात. अध्यापनाच्या दृष्टीने हा मार्ग चित्रांपेक्षा अधिक आशादायक आहे, कारण त्यात शिवण, टक व माप या गोष्टी प्रारंभापासूनच गृहीत धरलेल्या असतात.

नक्षी मागावर नेणे

छपाईच्या कापडासाठी यंत्राने दिलेली नक्षी वापरण्याआधी दोन कामे करावी लागतात. एक म्हणजे तिची चारही बाजूंनी बिनजोड पुनरावृत्ती होते का हे पाहणे, आणि दुसरे म्हणजे तिच्यातील हजारो छटा छपाईच्या जाळ्यांना परवडतील एवढ्या मोजक्या रंगांत उतरवणे. विणलेल्या नक्षीचे काम याहून अवघड असते. जाकार मागावर प्रत्येक रंगक्षेत्रासाठी वीण निवडावी लागते, आणि एखादा धागा वीण न घेता फार लांब तरंगत राहिला तर कापड वापरात अडकून फाटते. चित्र काढणाऱ्या प्रणालीच्या लेखी तरंगणारा धागा ही वस्तूच अस्तित्वात नाही.

पैठणीच्या उदाहरणाने हे चांगले स्पष्ट होते. पैठण व येवला येथे विणल्या जाणाऱ्या पैठणीच्या पदरातील मोर, मुनिया किंवा आसावली ही नक्षी वरून भरलेली वा छापलेली नसते. प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या छोट्या कांडीवर असतो. तो आपल्या रंगाच्या सीमेपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंततो आणि परत फिरतो. त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो आणि नक्षीची वक्र कड जवळून पाहिल्यास पायऱ्यापायऱ्यांची असते. पैठणीचे चित्र मागितल्यावर प्रणाली सोनेरी, झळाळता मोर देते, पण त्याची पिसे ब्रशने रंगवल्यासारखी गुळगुळीत असतात. असे चित्र चौकटीच्या कागदावर उतरवून ताण्याचे धागे मोजत मोर पुन्हा काढायला सांगितल्यास विद्यार्थ्याला विणकराने शतकानुशतके कोणत्या मर्यादेत ही नक्षी घडवली ते कळते. नऊवारीच्या चित्रांची तपासणीही उद्बोधक ठरते. एकाच अखंड कापडातून काष्टा व निऱ्या कशा निघतात याचा मेळ त्यांत अनेकदा लागत नाही.

आकडेमोड आणि प्रयोगशाळा

भाषा-प्रारूपाचे उत्तर ओघवते असते, आणि चूकही त्याच ओघात येते. धाग्याच्या क्रमांकाचे गणित हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. कापसाच्या इंग्लिश पद्धतीत क्रमांक जितका मोठा तितका धागा बारीक. टेक्स पद्धतीत याच्या उलट, कारण टेक्स म्हणजे 1,000 मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. 590.5 ला इंग्लिश क्रमांकाने भागले की टेक्स मिळतो, म्हणजे 30 क्रमांकाचा धागा सुमारे 19.7 टेक्सचा असतो. इंचाला 60 ताणे व 60 बाणे असलेल्या, दोन्हीकडे 30 क्रमांकाचाच धागा घेतलेल्या कापडाचे वजन धाग्याच्या वळणाची लांबी सोडल्यास चौरस मीटरला सुमारे 93 ग्रॅम येते. दोन पद्धतींची गल्लत होऊन 30 हाच टेक्स धरला गेला तर उत्तर सुमारे 142 ग्रॅम येते. पहिले कापड पातळ सदऱ्याचे आहे, दुसरे बरेच जाड. कापड हाताळलेल्या विद्यार्थ्याला दुसरा आकडा खटकतो. केवळ उत्तर उतरवून घेणाऱ्याला खटकत नाही.

रंगाईच्या प्रयोगशाळेत चुकीची किंमत अधिक असते. रिॲक्टिव्ह रंग सुती कापडावर अल्कलीच्या उपस्थितीत बसतो, आम्लरंग लोकर, रेशीम व नायलॉनसाठी असतात, आणि पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग बहुधा दाबाखाली 130 अंश सेल्सिअसच्या आसपास चढवतात. यांतील एकही जोडी चुकली तर नमुना फुकट जातो. निळीच्या रंगाईत वापरले जाणारे सोडियम हायड्रोसल्फाइट ओलावा लागल्यास तापून पेट घेऊ शकते. म्हणून रसायनांची कृती प्रणालीकडून न घेता उत्पादकाच्या सुरक्षा-पत्रकावरून घ्यावी, असा नियम प्रयोगशाळेत आवश्यक ठरतो.

मूल्यमापन

केवळ अंतिम चित्रावर गुण देणे आता निरर्थक झाले आहे. त्याऐवजी दिलेल्या सूचना, नाकारलेले पर्याय आणि हाताने केलेले बदल यांची वही, प्रत्यक्ष शिवलेला वा विणलेला नमुना आणि तोंडी परीक्षा यांवर भर दिला जातो. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणारी साधने निर्दोष विद्यार्थ्यावरही ठपका ठेवू शकतात. नमुना समोर ठेवून ही शिवण येथेच का घेतली, असे विचारणे अधिक भरवशाचे आहे. सशुल्क प्रणाली सर्वांना परवडत नाहीत, हा भेदही गुणांकनात शिरू शकतो.

हक्क

अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी 2025 मधील अहवालात केवळ लेखी सूचना देऊन मिळालेल्या निर्मितीला संरक्षण मिळत नाही, अशी भूमिका घेतली. मार्च 2025 मध्ये तेथील एका अपील न्यायालयानेही कृतीला मानवी कर्ता असणे आवश्यक ठरवले. भारतात कापडाच्या नक्षीचा प्रश्न आणखी एका कायद्याशी जोडलेला आहे. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, 1957 च्या कलम 15 नुसार, नोंदणीयोग्य असूनही अभिकल्प अधिनियम, 2000 खाली न नोंदलेली रचना औद्योगिक रीतीने 50 पेक्षा अधिक वेळा वापरली गेली की तिचा प्रतिमुद्राधिकार संपतो. नोंदणीसाठी रचना आधी प्रसिद्ध झालेली नसावी लागते. त्यामुळे वर्गातील काम घाईने समाजमाध्यमावर टाकणारा विद्यार्थी स्वतःचाच हक्क गमावू शकतो.

विणकर समाजांपुढील प्रश्न याहून बिकट आहे. पैठणी, सोलापुरी चादर यांना भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण आहे. पण ते त्या नावाला आणि त्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाला मिळते. प्रारूपाने शोषून घेतलेली बांगडी-मोराची नक्षी दुसऱ्या नावाने पॉलिएस्टरवर छापली गेली तर येवल्यातील विणकराच्या हाती कायद्याचा आधार फारच थोडा उरतो. अशा नक्षींवर काम करताना मूळ प्रदेश व विणकरांचा उल्लेख करणे आणि शक्य तेथे त्यांच्याकडून नमुना तपासून घेणे, एवढी शिस्त अभ्यासक्रमात घालता येते.