पंप बदलण्यापूर्वी

तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या सडकेवर पापनाशम हे गाव लागते. कावेरीच्या पाण्यावर पोसलेला हा मुलूख मराठी वाचकाला अगदीच परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास गादी स्थापली आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे घराणे नांदले. पापनाशमच्या पालैवननाथ मंदिराच्या आवारात, त्याही आधीच्या नायक राजांच्या काळातले विटांचे एक भले मोठे धान्यकोठार आजही उभे आहे. शेतातले भात कोठारात सुखरूप पडले की वर्षाची काळजी मिटली, ही गोष्ट त्या काळी जितकी खरी होती तितकीच आजही आहे. तेव्हा भात बैलगाडीतून जाई, आता ते पिकअप गाडीतून जाते, एवढाच काय तो फरक.

मेट्टूर धरणाचे पाणी रीतीप्रमाणे १२ जूनच्या सुमारास सोडले जाते आणि त्यावर कुरुवै नावाचे पहिले भातपीक उभे राहते. त्याची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नेमका त्याच सुमारास, ऑक्टोबरात, ईशान्येकडचा मोसमी पाऊस या किनाऱ्यावर येऊन थडकतो. सरकारी खरेदी केंद्रावर भातातला ओलावा मोजून पाहतात. नेहमीचा नियम १७ टक्क्यांचा आहे. अतिवृष्टीच्या काही वर्षी त्यात सवलत मिळाली आहे, परंतु तिच्या भरवशावर कोणी शेती करीत नाही. अशा दिवसांत पोत्यांनी भरलेली गाडी आचके देत रस्त्यातच थांबली आणि आभाळ भरून आले, म्हणजे एका कुटुंबाच्या चार महिन्यांच्या श्रमावर पाणी पडण्याची वेळ येते.

आपल्याकडेही हे दृश्य अपरिचित नाही. पापनाशमच्या भाताच्या जागी नाशिकचा कांदा किंवा कोकणचा आंबा घाला, प्रसंग तोच राहील. गाडी कशीबशी ओढून घरी आणली जाते. अंगणात चार माणसे जमतात आणि त्यांतला एकजण हटकून म्हणतो, “पंप गेला. नवा आणा.” नवा पंप आणला जातो, मोठ्या खटपटीने बसवलाही जातो, आणि गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा आचके देते. दोष पंपाचा नव्हताच! खर्च झाला, दिवस गेला, आणि खरे दुखणे जागच्या जागी राहिले.

म्हणून वाचकहो, पंप कसा बदलावा हे सांगण्याआधी, तो बदलण्याची वेळ खरोखर आली आहे की नाही हे कसे ओळखावे, ते सांगणे अगत्याचे वाटते.

पंपाचे काम काय?

जुन्या बांधणीच्या डिझेल पिकअपमध्ये दोन पंप असतात. एक साधा, त्याला कारागीर ‘फीड पंप’ म्हणतात. टाकीतले डिझेल ओढून घ्यावे आणि गाळणीतून पुढे ढकलावे, एवढेच त्याचे काम. दुसरा इंजेक्शन पंप. तो डिझेलवर प्रचंड दाब आणून ते नेमक्या क्षणी नेमक्या मापाने इंजिनात फवारतो. हे नाजूक पंप एके काळी बाहेरून आणावे लागत. १९५१ मध्ये बंगळूर येथे ‘मायको’ हा कारखाना स्थापन झाला आणि ते आपल्या देशात तयार होऊ लागले. या लेखात पंप म्हणजे पहिला, साधा फीड पंप. दुसऱ्याला घरी हात लावायचा नसतो, हे आताच मनाशी पक्के करावे.

फीड पंपाची रचना समजून घ्यायची असेल, तर अंगणातला हातपंप आठवा. तळाची झडप गळू लागली, की रात्रीत नळीतले पाणी खाली उतरते. सकाळी दांडी कितीही हलवली तरी नुसती हवा येते, आणि वरून तांब्याभर पाणी ओतावे तेव्हा कोठे धार लागते. फीड पंपाचेही असेच आहे. त्यात दोन लहान झडपा आणि मागेपुढे होणारा एक दट्ट्या असतो; काही गाड्यांत दट्ट्याऐवजी लवचिक पडदा असतो. इंजिन फिरले की त्याला ढकलणारा उंचवटाही फिरतो आणि डिझेल ओढले जाते. वाटेत कोठेही हवा शिरली, की ओढ तुटते. कारागीर म्हणतात, “गाडीने एअर घेतली.”

आधी पारख

पारख करताना टाकीकडून पंपाकडे, क्रमाने यावे. क्रम सोडून मध्येच उडी घेतली, की पैसे जातात.

प्रथम टाकीत डिझेल आहे ना, ते पाहावे. काटा खोटे बोलू शकतो. मग टाकीचे झाकण उघडावे. उघडताच ‘फुस्स’ असा आवाज येऊन हवा आत गेली आणि गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले आहे. हवा आत येऊ शकत नसल्याने डिझेल बाहेर येऊ शकत नव्हते. हा दोष सुईच्या टोकाने दूर होतो.

त्यानंतर पाणी साठण्याची वाटी व गाळणी पाहावी. पावसाळी हवेत टाकीमध्ये पाण्याचा अंश जमतो; ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. वाटीचा खालचा स्क्रू सैल करून ते काढून टाकावे. गाळणी कधी बदलली हे घरात कोणालाच आठवत नसेल, तर ती बदलण्याची वेळ झाली आहे असे खुशाल समजावे.

आता नळ्या. येथे पुष्कळांची फसगत होते. टाकी व पंप यांच्यामधल्या नळीला चीर पडली असेल, तर तेथून डिझेल गळताना दिसेलच असे नाही, कारण त्या भागात पंप ओढत असतो. डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. नळी बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते आणि आपण तिला निर्दोष ठरवतो. म्हणून ती हाताने वाकवून, सांधे चाचपून पाहावी.

पंपावरची हाताने चालवायची मूठही बरेच काही सांगून जाते. वर ओढताना ती जड लागली, तर बहुधा टाकीकडची वाट तुंबली आहे. खाली दाबताना जड लागली, तर पुढची गाळणी तुंबली आहे. दोन्हीकडे ती सैल, पोकळ लागली आणि दाब जाणवेना, तर हवा शिरते आहे किंवा पंपाच्या झडपा झिजल्या आहेत.

शेवटची कसोटी सर्वांत खात्रीची. पंपाकडे येणारी नळी काढून तिच्या जागी एक स्वच्छ आखूड नळी लावावी. तिचे दुसरे टोक डिझेल भरलेल्या स्वच्छ डब्यात, पंपाच्या उंचीजवळ, पंखा आणि धुराड्याचा तापलेला नळ यांपासून दूर ठेवावे. आत शिरलेली हवा मूठ मारून काढावी आणि गाडी चालू करावी. ती सुरळीत चालली, तर पंप निर्दोष आहे. खोड टाकीकडच्या वाटेत आहे. मात्र डब्यातल्या डिझेलवरही ती दम टाकू लागली आणि गाळणी नवी असूनही तिच्या स्क्रूपाशी धार येईना, तर पंप गेला असे म्हणण्यास हरकत नाही.

आणखी एक खूण आहे, आणि ती दिसताच गाडी जागेवर थांबवावी. इंजिनातले ऑइल मोजण्याच्या पट्टीवर पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर पंपातून डिझेल इंजिनात गळत असण्याचा दाट संभव असतो. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली, तर पंपाच्या किमतीचे नुकसान इंजिनाच्या किमतीपर्यंत जाते. अशा वेळी पंपाबरोबर ऑइलही बदलावे लागते.

मग बदल

काम सकाळच्या उजेडात, मोकळ्या हवेत, सपाट जागी करावे. इंजिन थंड असावे. हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. जवळपास चूल, उदबत्ती, विडी असू नये. वाळूची बादली हाताशी ठेवावी. डिझेलच्या आगीवर पाणी ओतू नये, त्याने आग पसरते. मुलांना दूर बसवावे, पण हाकलू नये. दुरून पाहूनही ती पुष्कळ शिकतात.

पंप उघडण्याआधी त्याच्या भोवतालची माती कुंचल्याने आणि थोड्या डिझेलने धुऊन काढावी. हे काम कंटाळवाणे खरे, पण आत गेलेला वाळूचा एक कण पुढच्या महागड्या इंजेक्शन पंपाला ओरखडा पाडू शकतो. येणारी नळी कोणती आणि जाणारी कोणती, यासाठी दोन रंगांचे दोरे बांधावेत. नळ्या सोडवल्यावर त्यांची तोंडे स्वच्छ प्लॅस्टिकने झाकावीत. सुती चिंधी कोंबू नये, तिचे धागे आत राहतात.

मग बोल्ट आळीपाळीने सैल करून पंप बाहेर काढावा आणि नव्या पंपाशेजारी ठेवून दोन्ही ताडून पाहावेत. दांडीची लांबी, छिद्रांचे अंतर, नळ्यांची तोंडे हुबेहूब जुळली पाहिजेत. जुने गॅस्केट किती जाड होते तेही पाहावे. पडद्याच्या पंपात गॅस्केटच्या जाडीवर दांडीची हालचाल अवलंबून असते, म्हणून मनाला येईल तसा पुठ्ठा कापून लावणे योग्य नव्हे. गॅस्केटचे अवशेष खरवडताना ते इंजिनात पडू देऊ नयेत.

नवा पंप बसवताना तो मुकाट्याने जागेवर टेकला पाहिजे. टेकत नसेल, तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नये. दांडी बहुधा फिरत्या उंचवट्यावर आलेली असते. इंजिन हाताने थोडे फिरवले की वाट मोकळी होते. बोल्ट पुन्हा आळीपाळीने, बेताने आवळावेत. नळ्यांच्या सांध्यांवरचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवेच घ्यावेत. जुने वॉशर एकदा दबलेले असते. ते वाचवून चार पैसे राहतात आणि गळती घरात येते.

आता एअर काढावी. गाळणीवरचा स्क्रू सैल करून मूठ मारीत राहावे. आधी फेस येईल, मग बुडबुडे, आणि शेवटी निर्मळ अखंड धार. धार लागली की स्क्रू बंद. त्यानंतर इंजेक्शन पंपावर असा स्क्रू असल्यास तेथेही तेच करावे. मग बॅटरी जोडून गाडी चालू करावी. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक स्टार्टर फिरवू नये, मध्ये थोडी विश्रांती द्यावी. चालू झाल्यावर विजेरीच्या उजेडात प्रत्येक सांधा पाहावा, आणि वीस-तीस किलोमीटर धावल्यानंतर पुन्हा एकदा.

सांडलेले डिझेल झाकणाच्या डब्यात भरावे. ते पाटात ओतू नये. त्या पाण्यावर शेजाऱ्याचेही भात उभे आहे. भिजलेल्या चिंध्या स्वयंपाकघराच्या जवळपास ठेवू नयेत.

घराची सीमा

जे घरी होते त्याइतकेच, जे घरी करू नये तेही कळणे महत्त्वाचे आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले आणि आजच्या डिझेल पिकअप ‘कॉमन रेल’ पद्धतीच्या असतात. त्यांच्या नळ्यांत हवेच्या दाबाच्या हजारपटीहूनही अधिक दाब असतो. इंजिन चालू असताना अशी नळी सैल केली, तर डिझेलची सुईसारखी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टोचल्याएवढी दिसते, प्रथम दुखतही नाही. परंतु आतले मांस मरत जाते आणि हात गमावण्याची पाळी येते. असे झाल्यास लेप लावत बसू नये. त्याच क्षणी इस्पितळ गाठून डॉक्टरांना कारण स्पष्ट सांगावे.

पेट्रोलच्या नव्या गाड्यांत विजेचा पंप टाकीच्या आतच असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खोलगट जागी साठते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. टाकी उघडण्याचे हे काम घराच्या अंगणातले नव्हे. ते जाणत्या कारागिराकडे सोपवण्यात कसलाही कमीपणा नाही.

शेवटी एक विनंती. प्रत्येक गाडीसाठी घरात एक वही ठेवावी. गाळणी केव्हा बदलली, ऑइल केव्हा घातले, पंप कोणत्या दिवशी बसवला, किती किलोमीटर झाले होते, हे तीत लिहावे. घरातल्या ज्या मुलीचे किंवा मुलाचे अक्षर चांगले असेल, त्याच्याकडे ती सोपवावी. पुढच्या हंगामात, पोती भरलेली असताना आणि आभाळ दाटून आलेले असताना, गाडीने आचका दिला, तर कोणीतरी हटकून म्हणेल, “पंप गेला!” तेव्हा वही उघडून ते मूल शांतपणे सांगू शकेल, “पंप गेल्याच वर्षी बसवला आहे. आधी टाकीचे झाकण उघडून पाहू या.”